मागची मूठ पुढे आली

व्हीलचेअरच्या पाठीला दोन मुठी असतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात, विमानतळावर, देवळाच्या रांगेत त्या आपण इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की त्या कुणासाठी आहेत, हा प्रश्नच मनात येत नाही. बसलेल्याचा हात काही तिथवर पोचत नाही. त्या असतात ढकलणाऱ्यासाठी. खुर्ची कुठे जाणार, कुठे थांबणार, तिचं तोंड खिडकीकडे राहणार की भिंतीकडे, हे सगळं पाठीमागे ठरतं. म्हणून तर डॉक्टरच्या खोलीत गेल्यावर प्रश्नही ढकलणाऱ्यालाच विचारला जातो, "यांना काय होतंय?" ज्याला होतंय तो समोर बसलेला असतो.

ही मूठ मागून निघून बसलेल्या माणसाच्या हाताशी कशी आली, त्याची ही हकिगत. तिचा पहिला मोठा भाग कॅनडात घडला, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-बारा वर्षांत. दुसरा कॅलिफोर्नियात, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त गोंगाटाचा होता.

तशी सुरुवात फार जुनी आहे, आणि गंमत म्हणजे ती योग्य टोकाने झाली होती. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळ स्टीफन फार्फ्लर नावाचा एक घड्याळजी होता. त्याला चालता येत नसे. 1655 च्या सुमारास त्याने स्वतःसाठी तीन चाकांची एक गाडी बनवली. पुढच्या चाकाला दाते आणि हाताने फिरवायचा दांडा. घड्याळातली दातेरी चाकं जुळवणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हतं. ज्याला गरज त्यानेच यंत्र केलं, म्हणून दांडा आपसूक पुढे आला. पण जगाने त्याचं ऐकलं नाही. शंभरेक वर्षांनी इंग्लंडमधल्या बाथ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी 'बाथ चेअर' निघाली. तिच्यात बसलेल्या रुग्णाला पुढचं चाक वळवता येई, पण जोर लावायला मागे नोकर लागे. श्रीमंतांना ती पसंत पडली. नोकर असणाऱ्यांनी यंत्र निवडलं की यंत्रात नोकराची जागा पक्की होते. पुढची दीड-दोनशे वर्षं हेच चाललं.

आता थेट 19 ऑगस्ट 1942. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं दिएप हे गाव. दोस्तांच्या फौजेने पहाटे तिथे उतरून जर्मनांना चकित करायचं ठरवलं होतं; चकित झाले ते उतरणारेच. सुमारे 5000 कॅनेडियन सैनिकांपैकी 900 हून अधिक मेले, जवळपास 2000 कैद झाले. गोट्यांनी भरलेल्या त्या किनाऱ्यावर रणगाड्यांचे पट्टे घसरत होते आणि वरच्या कड्यांवरून मशीनगन चालू होत्या. रॉयल हॅमिल्टन लाइट इन्फन्ट्री या पलटणीतले जॉन काउन्सेल हे अधिकारी त्यात जखमी झाले. मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं अंग गेलं. जखमींना घेऊन परतणाऱ्या बोटींत त्यांना जागा मिळाली, म्हणून पुढची गोष्ट घडली.

पंचवीसेक वर्षं आधी, पहिल्या महायुद्धात, असा सैनिक बोटीत चढला असता तरी घरी पोचला नसता. मज्जारज्जू तुटलेल्यांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात. गोळीने नव्हे, लघवीच्या मार्गातला संसर्ग आणि एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा यांनी. दुसऱ्या युद्धापर्यंत सल्फाची औषधं आली होती आणि मग पेनिसिलीन आलं. माणसं जगू लागली. आणि एक अडचण समोर आली, जी वैद्यकाला आधी कधी आलीच नव्हती: या जगलेल्या तरुणांचं करायचं काय?

इंग्लंडमध्ये लुडविग गुटमन या नाझींपासून पळून आलेल्या ज्यू डॉक्टरांनी तिचं उत्तर शोधायला घेतलं. 1944 च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल इथे त्यांचा विभाग सुरू झाला. 29 जुलै 1948 रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन चालू असताना, त्यांनी आपल्या हिरवळीवर 16 जणांची तिरंदाजी भरवली. सगळे व्हीलचेअरवर. याच खेळांचं पुढे पॅरालिंपिक झालं. मराठी वाचकाला इथे सांगलीकडच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर आठवतील. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेल्या या जवानाने 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. त्या तलावापर्यंतची वाट गुटमन यांच्या हिरवळीवरून जात होती. पण तो वेगळ्या लेखाचा विषय; आपण खुर्चीकडे वळू.

काउन्सेल मायदेशी परतले तेव्हा तिथल्या इस्पितळांतल्या खुर्च्या लाकडाच्या, वेताच्या आणि बोजड होत्या. दारातून जात नसत, मोटारीत मावत नसत. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेण्यापुरत्याच त्या बनवलेल्या. त्याच वेळी अमेरिकेत एक निराळी खुर्ची मिळत होती. खाणीतल्या अपघातात कमरेखाली लुळे पडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे यंत्र-अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी 1933 च्या सुमारास पोलादी नळ्यांची, कात्रीसारखी मिटणारी व्हीलचेअर तयार केली होती. मिटवली की मोटारीच्या मागच्या सीटमागे ठेवता येई. मोठ्या चाकांना बाहेरून एक कडं. ते हाताने ढकलायचं, की खुर्ची चालली. इथेही ज्याला गरज तोच घडवणारा होता, हे लक्षात घ्यावं.

काउन्सेल यांनी ती खुर्ची मिळवली आणि मग स्वस्थ बसले नाहीत. खात्यापित्या घरचे होते, त्यांना आपल्यापुरती सोय करून घेता आली असती. त्यांनी 1945 साली आपल्यासारख्या सैनिकांची संघटना काढली, कॅनेडियन पॅराप्लेजिक असोसिएशन. चालवणारेही अपंग, सदस्यही अपंग. सरकारच्या इतकं मागे लागले की सरकारने या मिटणाऱ्या 200 खुर्च्या एकगठ्ठा मागवल्या. कुठल्याही सरकारने अशा खुर्च्या इतक्या संख्येने घेण्याची ही पहिलीच वेळ मानतात. टोरांटोत लिंडहर्स्ट लॉज ही जागा याच सैनिकांसाठी उघडली. तिथून माणसं घरी जाऊ लागली, नोकऱ्या करू लागली, लग्नं करू लागली.

मात्र यातली बरीच माणसं मागेच राहिली. कडं ढकलायला हात लागतात. इजा जर मानेत झाली असेल तर पायांबरोबर हातही जातात. बोटं मिटत नाहीत, दंडात जोर राहत नाही. अशा चारही अंगांनी लुळ्या सैनिकाला मिटणारी खुर्ची म्हणजे जुनीच खुर्ची, फक्त हलकी. मुठी मागेच.

मग मोटार का नाही बसवायची? लोकांनी बसवून पाहिली होतीच. व्हीलचेअरला खाली मोटार आणि मोटारगाडीची बॅटरी जोडायची, बटण दाबलं की निघाली. पण ती निघायची ती झटक्याने, आणि वळण म्हटलं की पंचाईत. माणसांनी भरलेल्या खोलीत, टेबल आणि पलंग यांच्यामधून, अंगात जोर नसलेल्या माणसाने ती नेमकी हाकायची कशी, हा खरा प्रश्न होता. मोटार मिळणं सोपं होतं, लगाम मिळत नव्हता.

तो लगाम ज्यांनी शोधला ते जॉर्ज क्लाइन. जन्म 1904, हॅमिल्टन, ओंटारिओ. म्हणजे काउन्सेल यांच्याच गावचे. ओटावातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ते चाळीस वर्षं नोकरीला होते. कॅनडात त्यांना विसाव्या शतकातला देशाचा बहुधा सर्वांत जास्त शोध लावणारा माणूस म्हणतात, तरी तिथल्याही सामान्य माणसाला त्यांचं नाव सांगता येईलच असं नाही. सरकारी नोकरीत राहून शोध लावले की असं होतं. त्यांच्या कामाची यादी पाहिली की हा माणूस कुठल्या खात्यातला, असा प्रश्न पडतो. विमानांना बर्फावर उतरण्यासाठी लागणाऱ्या पट्ट्या. बर्फातून जाणारं लष्करी वाहन. अणुभट्टीच्या कामात वाटा. शस्त्रक्रियेत बारीक रक्तवाहिन्या टाक्यांऐवजी पिनांनी जोडणारं अवजार. गुंडाळलेल्या टेपसारखा बाहेर येऊन ताठ उभा राहणारा अँटेना, जो कॅनडाच्या पहिल्या उपग्रहावर गेला. निवृत्तीनंतर, वयाच्या सत्तरीत, अवकाशयानाच्या यांत्रिक हाताच्या दातेरी चाकांसाठी त्यांना पुन्हा बोलावलं. फार्फ्लर घड्याळजीची जातकुळी म्हणायची.

1950 च्या आसपास माजी सैनिकांचं खातं, काउन्सेल यांची संघटना आणि रिसर्च कौन्सिल या तिघांनी मिळून क्लाइन यांच्यापुढे हे काम ठेवलं. त्यांनी जुन्या खुर्चीला मोटार चिकटवली नाही. हाकण्याच्या प्रश्नापासून सुरुवात केली. मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी दिल्या. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला यातलं मर्म लगेच कळेल. वळायचं असेल तेव्हा आपण गाडी वळवत नाही. आतला बैल थोपवतो आणि बाहेरचा हाकतो, गाडी आपोआप फिरते. तसंच इथे. डावं चाक हळू, उजवं जोरात, की खुर्ची डावीकडे. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं, तर ती आहे त्या जागी गर्रकन फिरते. अरुंद न्हाणीघरात किंवा लिफ्टमध्ये याला किती महत्त्व आहे, ते ज्याने मोठी गाडी बोळात अडकवली आहे त्याने समजून घ्यावं.

आणि हे दोन बैल हाकायला एकच कासरा: एक लहानशी उभी दांडी. जॉयस्टिक. विमानात ती होतीच. तीच आता खुर्चीच्या हातावर आली. ढकलायची नाही, फिरवायची नाही. नुसती कलती करायची. पुढे कलवली, पुढे गेली. हाताची बोटं मिटत नसली तरी तळव्याच्या कडेने ती हलते. हात अजिबात नसेल तर हनुवटीजवळ आणता येते. अंगात जेवढी हालचाल उरली आहे, मग ती कुठेही असो, तिच्यापर्यंत यंत्राने जायचं, हा विचार क्लाइन यांच्या खुर्चीत आहे. माझ्या मते मोटार आणि बॅटरीपेक्षा मोठा शोध हा. आज सत्तर वर्षांनीही रस्त्यावर दिसणारी बॅटरीची खुर्ची उघडली तर आत हेच सापडतं: दोन चाकांना दोन मोटारी, 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून 24, आणि हातावर ती दांडी.

आता यानंतर जे झालं ते आजच्या काळात वाचायला जरा विचित्र वाटेल. कॅनडाने ही खुर्ची दडवून ठेवली नाही. अशी खुर्ची कारखान्यात मोठ्या संख्येने निघाली तरच स्वस्त होईल, आणि तेवढा कारखाना अमेरिकेत होता. तेव्हा 26 ऑक्टोबर 1955 रोजी कॅनडाने खुर्चीचा मूळ नमुनाच अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याला समारंभाने भेट देऊन टाकला, आणि तंत्र जगाला खुलं ठेवलं. पुढच्याच वर्षी, 1956 साली, एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या त्याच मिटणाऱ्या खुर्चीवाल्या कंपनीने बॅटरीच्या खुर्च्या कारखान्यातून काढायला सुरुवात केली. क्लाइन त्यांच्या पुढच्या कामाला लागले.

इथवर ही गोष्ट सैनिकांची. सैनिकांच्या पाठीशी खातं असतं, पेन्शन असते, देशाचं ऋण असतं. पण त्याच वर्षांत दुसरी एक पलटण तयार होत होती, जिला यातलं काहीच नव्हतं. पोलिओ. 1952 या एका वर्षात अमेरिकेत सुमारे 58,000 जणांना पोलिओ झाला. पुढच्या वर्षी, लस यायच्या थोडी आधी, कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम गावच्या एका 14 वर्षांच्या मुलाला तो झाला. एड रॉबर्ट्स. मानेखाली सगळं गेलं. उरली डाव्या हाताची दोन बोटं आणि पायाची थोडी हालचाल. श्वास घ्यायला लोखंडी फुफ्फुस, म्हणजे ज्यात माणूस गळ्यापर्यंत आत झोपतो तो पंपाचा पिंप.

मुलगा घरी पडून, फोनवरून शाळा शिकला. शाळा संपल्यावर अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र अडवलं. कारण? शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचा वर्ग हे दोन विषय पुरे नव्हते. हा विनोद नाही. त्याची आई झोना शाळेच्या मंडळाशी भांडली तेव्हा प्रमाणपत्र मिळालं. मग राज्याच्या पुनर्वसन खात्याने हा मुलगा इतका अधू आहे की कधी कमावणार नाही, असं ठरवून मदत नाकारली. तेही भांडण झालं. 1962 साली एड बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. रात्री झोपायचं तर सुमारे 360 किलोचं लोखंडी फुफ्फुस हवं. वसतिगृहाच्या जमिनीला ते पेलणार नव्हतं. शेवटी विद्यापीठाच्या कॉवेल इस्पितळाचा तिसरा मजला त्याची खोली झाला. एक आला म्हटल्यावर दुसरे आले. दशक संपेपर्यंत त्या मजल्यावर डझनभर मुलं होती, आणि त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं 'रोलिंग क्वाड्स'. आपल्याकडच्या कॉलेजात असते तर 'लुळे पण फिरते' असं काहीतरी ठेवलं असतं.

एडला बॅटरीची खुर्ची चालवता येणार नाही, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. कारण चोख होतं. त्याची दोन बोटं ओढू शकत, ढकलू शकत नसत. आणि पुढे जायचं तर दांडी पुढे ढकलावी लागते. तेव्हा काही वर्षं तो ढकलणाऱ्याच्या भरवशावर राहिला. मग तो प्रेमात पडला. आता मुलीबरोबर फिरायला जाताना, पाठीमागे मुठी धरून तिसरा माणूस! हे चालणार नाही, हे त्याला कुठल्याही तज्ज्ञाने सांगावं लागलं नाही. त्याने खुर्चीची दांडी उलटी बसवून घेतली. ओढली की पुढे. पहिल्या काही दिवसांत भिंतींना आणि माणसांना किती धडका बसल्या असतील त्या असोत. पण तो शिकला. सगळा प्रश्न दोन तारांची जागा बदलण्याचा होता. इतकी वर्षं ते कुणाला सुचलं नाही, कारण इतकी वर्षं कुणाला तेवढी निकड नव्हती.

पुढे एड रॉबर्ट्स ही गोष्ट स्वतःच हसत सांगत. त्यांच्या आयुष्याची कामं मोजायची म्हटली तर लांब होतील, पण एक सांगायलाच हवं. ज्या पुनर्वसन खात्याने त्यांना कामासाठी निरुपयोगी ठरवलं होतं, त्याच खात्याचे प्रमुख म्हणून 1975 साली राज्यपाल जेरी ब्राउन यांनी त्यांची नेमणूक केली.

बर्कलीत खुर्चीचं खरं रूप उघडं पडलं. कारखान्याने ती बनवली होती इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीसाठी. ही मुलं ती टेकड्यांच्या गावात, चढउतारांवर, पावसात, सभांना आणि मोर्चांना घेऊन जात. पट्टे तुटत, मोटारी जळत, बॅटरी वाटेत बसे. आणि खुर्ची बंद पडली म्हणजे गाडी बंद पडली असं नव्हे, पायच गेले. 1970 साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात त्यांनी खुर्च्यांच्या दुरुस्तीची सोय धरली. 1972 च्या सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग या संस्थेतही ती राहिली. स्वावलंबनावर मोठमोठी भाषणं झाली त्या गावात; माझा कौल मात्र त्या दुरुस्तीच्या टेबलाला. यंत्र दुरुस्त कुठे होतं यावरून ते कुणाचं आहे ते कळतं. आणि कंपनीचं म्हणाल तर, बाजारात जवळजवळ एकटीच उरल्यामुळे ती किंमत आणि दर्जा दोन्ही मनासारखे ठेवत असे. 1977 साली अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याने मक्तेदारीच्या आरोपावरून तिच्यावर दावा लावला. स्वतः अपंग असलेल्या माणसाने सुरू केलेली ही कंपनी.

दुसरी अडचण फूटपाथची. खुर्ची ताशी आठ-दहा किलोमीटरने धावेल, पण सहा इंचांच्या कडेपुढे ती उभी राहते. हाताने ढकलायची खुर्ची मागून कुणी उचलून चढवू तरी शकतो. बॅटरीची खुर्ची माणसासकट दोन माणसांना उचलत नाही. म्हणजे मूठ पुढे आली आणि वाट बंद झाली. मिशिगनमधल्या कॅलमझू या गावी 1945 साली युद्धातल्या जखमींसाठी फूटपाथच्या कोपऱ्यांना उतार केले होते, पण ते तिथेच राहिले. बर्कलीत 1971 नंतर ते रीतसर धोरण म्हणून होऊ लागले. आधी कडा, मग गल्ल्या, मग सगळं गाव. रोलिंग क्वाड्सनी रात्री-अपरात्री स्वतःच सिमेंट ओतून उतार केले अशी एक आख्यायिका आहे. ती फुगवलेली असल्याचं तिथल्याच जुन्या मंडळींनी सांगितलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. रात्रीच्या गनिमी काव्यापेक्षा नगरपालिकेच्या सभेत ठराव करून घेणं जास्त कठीण असतं. त्या उतारांवरून मग बाबागाड्या आणि सामानाच्या हातगाड्याही जाऊ लागल्या.

1977 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे अपंग माणसं घुसून बसली आणि पंचवीसहून अधिक दिवस उठली नाहीत. मागणी होती सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही जागी अपंगांना दूर ठेवता येणार नाही, या आधीच झालेल्या कायद्याचे नियम जारी करण्याची. फोन तोडले तेव्हा बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीतून खुणांनी बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर पक्षाच्या माणसांनी रोज गरम जेवण पोचवलं. 28 एप्रिलला मंत्र्याने सही केली.

या सगळ्या गदारोळाबाहेर, मिशिगनमध्येच, ब्रिजपोर्ट गावी एक माणूस वेगळ्याच कारणाने खटपट करत होता. ॲलन थीम, धंदा नळ आणि हीटर बसवण्याचा. पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात माणूस चार पावलं चालू शकतो, पण पन्नास नाही. सकाळी चालतो, दुपारी थकून बसतो. अशा बाईला व्हीलचेअर नको होती, आणि का नको ते आपल्याला न सांगता कळतं. थीम यांनी 1968 साली तीन लहान चाकांची, बॅटरीवर चालणारी एक गाडी बनवली: पुढे उभा दांडा, त्याला हँडल, मागे फिरणारी खुर्ची. नाव 'अमिगो', म्हणजे स्पॅनिशमध्ये मित्र. आज ज्याला मोबिलिटी स्कूटर म्हणतात तिचा हा आरंभ. यंत्र म्हणून ती क्लाइन यांच्या खुर्चीपुढे साधी आहे. तिची करामत दिसण्यात आहे. ती इस्पितळासारखी दिसत नाही. बाजाराला निघाल्यासारखी दिसते. पुढे सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या गाड्यांत अमिगोच असायच्या.

इंग्लंडचा रस्ता निराळा. तिथल्या सरकारने अपंगांना फिकट निळ्या रंगाच्या, तीन चाकांच्या, पेट्रोलवरच्या इनव्हाकार दिल्या. त्यांत एकच सीट असे. म्हणजे अपंग माणूस घराबाहेर जाईल हे सरकारला पटलं होतं. बायकोमुलांना घेऊन जाईल, हे मात्र सुचलं नव्हतं. 31 मार्च 2003 रोजी त्या रस्त्यावरून उठल्या.

आता आपल्याकडे. 2001 च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईत आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेली स्ट्रिंग सिद्धांताची परिषद होती. विश्वाच्या जन्माचा विचार करणारा हा माणूस खुर्ची चालवण्यात मोठा बेफिकीर म्हणून केंब्रिजमध्ये प्रसिद्ध होता. त्याच वर्षाच्या अखेरीस, साठाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, त्यांनी ती भिंतीवर आदळून कमरेचं हाड मोडून घेतलं. मी हे दोष म्हणून सांगत नाही. ज्याची खुर्ची दुसरा कुणी ढकलतो त्याला भिंतीवर आदळण्याचंही स्वातंत्र्य नसतं.

मुंबईहून ते दिल्लीला गेले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचं होतं. तिथे होत्या पायऱ्या. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे, स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी पुरातत्त्व खात्याच्या मागे लागले. 1995 चा अपंग व्यक्ती कायदा होऊन पाच वर्षं उलटली होती. सार्वजनिक जागी उतार करण्याची गोष्ट त्यात होती. खात्याने उतार केले. लाकडाचे, तात्पुरते. ते कायमचे व्हावेत म्हणून अबिदींना पुढे पुन्हा भांडावं लागलं.

आपल्या रस्त्यांवर तीन शतकं एकाच वेळी फिरतात. स्टेशनबाहेर हाताने पॅडल मारत जाणारी तीनचाकी दिसते; तो फार्फ्लरच्या 1655 च्या गाडीचा भाचाच. 1972 साली कानपूरला स्थापन झालेल्या ॲलिम्को या सरकारी कारखान्याने अशा गाड्या गावोगावच्या शिबिरांतून पोचवल्या, आणि आता तो त्यांना मोटार लावूनही देतो. चेन्नईच्या आयआयटीतून निघालेलं 'निओबोल्ट' हे जोडयंत्र साध्या व्हीलचेअरला पुढून अडकवलं की ती ताशी 25 किलोमीटरने रस्त्यावर धावते, हँडल पुढेच. पण पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात खरा वापर कशाचा आहे म्हणाल तर साइड व्हील बसवलेल्या गिअरलेस स्कूटरचा. पोलिओ झालेला, पायात कॅलिपर घालणारा माणूस साधी स्कूटर घेतो, गॅरेजमध्ये जाऊन मागे दोन जादा चाकं लावून घेतो, कुबड्या बाजूला अडकवतो आणि कामावर जातो. मागच्या सीटवर बायको बसते, पुढे मुलगा उभा राहतो. इंग्लंडच्या सरकारला जे सुचलं नाही ते आपल्या गॅरेजवाल्याला न सांगता कळलं.

या स्कूटरला कायद्यात मात्र नीट जागा नव्हती. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनाला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटलं होतं, आणि व्याख्येतच अट होती की ते मुळातून त्यासाठी बनवलेलं असावं, नुसता बदल करून घेतलेलं नसावं. गॅरेजमधली दोन चाकं त्या शब्दांत बसत नव्हती. 2019 च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आता तिथे 'अडॅप्टेड व्हेइकल' आहे, आणि बदल करून घेतलेली गाडीही त्यात धरली जाते.